लिस्बनमधले पहिले पंधरा दिवस: गोंयकाराला पोर्तुगाल खरंच ओळखीचं वाटतं?

कुळागर
घरातली एक मुलगी सप्टेंबरात दोन वर्षांसाठी लिस्बनला शिकायला निघाली आहे. घरी येणारा प्रत्येक जण तेच ऐकवून जातो: "गोव्याच्या माणसाला पोर्तुगाल परकं कसलं? पाव तोच, मेज तीच, जनेल (खिडकी) तेंच." मला हे पटत नाही. ओळखीचे शब्द कानावर पडले की माणूस गाफील होतो, आणि तिथंच फसतो.

तर प्रश्न असा: दुकान, बस, जेवण, घर, औषधं या रोजच्या गोष्टींत पहिल्या पंधरवड्यात नेमकं कुठं अडायला होतं? नागरिकत्व, आजोबांचे जन्मदाखले, व्हिसा हे इथं नको, त्यावर रग्गड धागे आहेत. आठवणीही नकोत. कामाचं सांगा.

रेंदेर
पहिली फसगत दारातच. काचेच्या दारावर लिहिलेलं असतं ते वाचलं तर 'पुश' ऐकू येतं, आणि त्याचा अर्थ 'ओढा'. ढकलायचं असेल तर 'इंपुर' लिहिलेलं असतं. बँकेच्या दाराला खांदा लावून उभा असलेला माणूस दिसला तर तो आपल्यातला समजावा. :)

बिंबल
रेंदेरबाब, त्यात 'पगार'ही घाला. शब्द त्यांचाच, पण तिथं ते क्रियापद आहे: पैसे देणे. काउंटरवर पगार द्यायचा असतो, मिळत नाही.

आता कामाचं. वारांची नावं आधी पाठ करून जा. रविवार पहिला धरून मोजतात, म्हणून सोमवार 'सेगुंदा' म्हणजे दुसरा, मंगळवार 'तेर्सा', बुधवार 'क्वार्ता', गुरुवार 'किंता', शुक्रवार 'सैश्ता'. शनिवार-रविवार मात्र 'साबादु' आणि 'दुमिंगु'. दुकानाच्या दारावर '२ ते ६' असं लिहिलेलं असतं, ती वेळ नव्हे, सोमवार ते शुक्रवार. आपल्या हिशेबानं दुसरा वार मंगळवार येतो, आणि ठरलेली भेट एका दिवसानं चुकते.

आकड्यांचंही तसंच. स्वल्पविराम म्हणजे आपलं दशांश चिन्ह: १,५० म्हणजे दीड युरो. टिंब हजाराचं: १.५०० म्हणजे दीड हजार. भाड्याच्या जाहिरातीत हे उलटं वाचू नये. हातानं लिहिलेल्या १ला वर लांब शेपूट असते, तो ७ वाटतो. खरा ७ मधोमध आडवी रेघ मारलेला.

तिसवाडी_एक्सप्रेस
वेळ २४ तासांत लिहितात. आपल्यात आणि त्यांच्यात हिवाळ्यात साडेपाच तासांचं अंतर, उन्हाळ्यात साडेचार. मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळ बदलतं. घरच्यांना आधीच सांगून ठेवा, नाहीतर आई रात्री जागत बसते.

मांडवीकाठ
प्रवासाबद्दल सविस्तर लिहितो, कारण यावरच जास्त गोंधळ होतो.

विमानतळावरच मेट्रो आहे, लाल मार्ग. शहराच्या जुन्या भागात जायचं तर आलामेदाला उतरून हिरवा मार्ग धरायचा. तिकीट कागदाचं नाही. 'नाव्हगांत' नावाचं कार्ड यंत्रातून ५० सेंटला मिळतं, त्यात पैसे भरायचे. भरण्याचे दोन मुख्य प्रकार: मोजून फेऱ्या, किंवा 'झॅपिंग' म्हणजे रक्कम टाकून ठेवायची आणि दर फेरीला ती कापली जाते. एका वेळी कार्डात एकच प्रकार राहतो. झॅपिंगची शिल्लक असताना फेरीचं तिकीट भरायला गेलं की यंत्र नकार देतं, आणि लोक यंत्र बिघडलं समजून दुसरं कार्ड घेतात. शिवाय माणशी एक कार्ड हवं. दोघांनी एकच कार्ड पुढंमागं करून आत जायचं नाही.

मेट्रोतून बाहेर पडतानाही कार्ड टेकवावं लागतं. आत शिरल्यावर कार्ड पिशवीच्या तळाशी टाकू नका.

राहायलाच जाणार असेल तर फोटो लावलेलं स्वतःच्या नावाचं कार्ड करून महिन्याचा पास घ्यावा. २०१९मध्ये पासांचे दर सोपे केले: फक्त लिस्बन शहरापुरता ३० युरो, आसपासच्या सगळ्या नगरपालिका धरून ४०. चाळीसच्या पासात मेट्रो, बस, ट्राम, लोकल आणि तेझु (टेगस) नदीची फेरीबोट सगळं येतं. फेरी म्हटल्यावर आपल्या रायबंदर-चोडणसारखी गाडी आत चढवून न्यायची नव्हे, बहुतेक बोटी नुसत्या माणसांच्या.

रस्ता ओलांडताना आधी डावीकडे बघा. पोर्तुगालनं १९२८मध्ये वाहतूक उजव्या बाजूला नेली, गोव्यात मात्र पोर्तुगीज अमलातही ती डावीकडेच राहिली. म्हणून ही सवय काही वारशानं येत नाही.

चवथ
पादत्राणांचं राहिलं. फुटपाथ चुनखडीच्या लहान चौकोनी दगडांचे असतात, वर्षानुवर्षांच्या पावलांनी गुळगुळीत झालेले. पाऊस पडला की उतारावर साबण लावल्यासारखे होतात. चामड्याचा गुळगुळीत तळवा नको, खोल खाचांचा रबरी तळवा हवा. पावसाळा म्हणजे तिथं नोव्हेंबर ते फेब्रुवारी, आणि तोही वाऱ्यासकट. म्हापशाच्या बाजारातली घडीची छत्री दुसऱ्याच झुळकीला उलटी होते.

दोदोल
कार्ड कोणतं न्यावं? रोख किती?

मांडवीकाठ
दोदोल, आंतरराष्ट्रीय कार्ड मोठ्या दुकानांत चालतं. पण लहान कॅफेत यंत्र असूनही कधी कधी फक्त तिथल्या 'मुल्तिबांकु' जाळ्याची कार्डं घेतात. म्हणून खिशात वीस-तीस युरो सुटे असावेत. पैसे काढताना 'एमबी' चिन्हाचं बँकेचं यंत्र शोधा. पर्यटकांच्या गल्लीतल्या खासगी यंत्रांचा दर जड पडतो. यंत्र विचारेल, रुपयांत हिशेब करू का? नाही म्हणायचं, युरोच निवडायचा. रुपये निवडले की दर त्या यंत्रवाल्याच्या मर्जीचा.

तिथलं खातं उघडलं की मुल्तिबांकुची खरी गंमत कळते. वीजबिल, फोन, कॉलेजची फी सगळं त्याच यंत्रावर भरता येतं. बिलावर तीन गोष्टी असतात: पाच अंकी 'एंतिदाद', नऊ अंकी 'रफरेंसिया' आणि रक्कम. त्या टाकल्या की झालं. आपल्या यूपीआयच्या आधीपासूनची सोय आहे, १९८५ची.

शेवंती
फी म्हणालात म्हणून: विद्यापीठाच्या फीला 'प्रुपिना' म्हणतात. ब्राझीलमध्ये त्याच शब्दाचा अर्थ लाच! ब्राझीलच्या अ‍ॅपवरून भाषा शिकून जाणाऱ्यांनी दचकू नये.

आणि दुकानात बिल करताना दर वेळी "कोंत्रिबुइंत?" असं विचारतात. वर्गणी मागत नाहीत, तुमचा करक्रमांक बिलावर घालू का, एवढंच. तो क्रमांक म्हणजे 'निफ', नऊ अंकी. नसेल तर नुसतं "नांव" म्हणायचं, म्हणजे नाही. (आणि हो, "नांव" ऐकून तिनं स्वतःचं नाव सांगू नये.) निफ लवकर काढून घ्यावा. घरभाडं, फोनचा करार, बँक, कुठंही त्यावाचून गाडी पुढं सरकत नाही.

उकडेतांदूळ
अखेर जेवणावर येऊ.

हॉटेलात बसलं की न मागता टेबलावर पाव, ऑलिव्ह, लोणी, कधी चीज येतं. त्याला 'कुव्हेर' म्हणतात, आणि ते फुकट नसतं. नको असेल तर हात न लावता परत द्यायचं. मागितलं नाही आणि खाल्लंही नाही तर त्याचे पैसे लावायला कायद्यानंच मनाई आहे. पण दोन ऑलिव्ह तोंडात टाकले की पूर्ण वाटीचं बिल.

कॉफी नुसती 'कॉफी' म्हणून मागाल तर बोटभर कपात कडू घोट येईल, लिस्बनमध्ये त्याला 'बिका' म्हणतात. दुधाची हवी असेल तर 'मैया द लैत', म्हणजे कपात अर्धं दूध. उंच ग्लासात जास्त दुधाची हवी तर 'गलांव'. काउंटरपाशी उभ्यानं घेतली की स्वस्त, बाहेरच्या खुर्चीवर महाग. दरपत्रकात दोन रकाने असतात ते वाचावेत.

'शा' म्हणजे चहाच, शब्द ऐकून जीव सुखावतो. येतं मात्र गरम पाणी आणि एक पुडी. दूध वेगळं मागावं लागतं, आणि ते थंड येतं.

पाव: 'पापु-सेकु' नावाचा छोटा पाव आपल्या उंड्याचा लांबचा भाऊ, साल कडक, आत पोकळ. पोय (कोंड्याचा पाव) मिळत नाही. सकाळी भोंगा वाजवत सायकलवरून येणारा पोदेरही नाही. बेकरीत जाऊन आधी नंबर घ्यायचा.

फोंडेकर
नंबर?

उकडेतांदूळ
दाराजवळ लाल किंवा हिरवी चकती असते, तिच्यातून कागदी चिठ्ठी ओढायची. तिला 'सेन्या' म्हणतात. बेकरी, मासळीचा काउंटर, औषधाचं दुकान, सरकारी कचेरी, सगळीकडे. रांग दिसत नाही, लोक इकडेतिकडे उभे असतात, त्यामुळे आपला माणूस सरळ काउंटरला भिडतो आणि दहा जण वळून बघतात. आत शिरताच चकती शोधायची. आणि काउंटरवर पहिलं वाक्य "बों दिया", दुपारनंतर "बोआ तार्द". अभिवादन न करता थेट मागणी केली की समोरचा आखडतो.

फोंडेकर
आमच्याकडे मुली सोमवार-गुरुवार शिवराक (शाकाहारी) असतात. निभाव लागेल का?

बिंबल
फोंडेकरबाब, लागतो, पण 'मांस नको' एवढ्यानं नाही. 'कार्न' म्हणजे त्यांच्या लेखी लाल मांस. हॅमचे तुकडे, ट्यूना, सॉसेजची चकती त्यात मोजतीलच असं नाही. 'काल्दु व्हेर्द' नावाचं हिरव्या पानांचं सूप दिसायला पूर्ण शाकाहारी, वर तरंगते चोरिसाची (डुकराच्या सॉसेजची) चकती. राजम्याच्या रश्श्यात डुकराची चरबी असू शकते. पूर्ण वाक्य म्हणावं: "सैं कार्न, सैं पैश, सैं प्रझुंतु", म्हणजे मांस, मासे, हॅम तिन्ही नको. सूप कशाच्या पाण्यात केलं तेही विचारावं. 'व्हिजितारियानु' लिहिलेला पदार्थ सगळ्यांत सोपा.

डाळी, बासमती, मोहरी, हिंग, रोटीचं पीठ यासाठी मार्तिं मोनिझ मेट्रोला उतरा. तिथल्या मोरारिया शॉपिंग सेंटरात आणि मागच्या बेंफर्मोझु रस्त्यावर किराणा आहे. उकडे तांदूळ मिळतीलच असं नाही. लुमियार भागात हिंदू समाजाचं राधाकृष्ण मंदिर आहे.

खारें
मासेवाल्यांनाही सांगा हो काही.

उकडेतांदूळ
खारेंसाठी वेगळं सांगायला हवंच. :)

सुपरमार्केटच्या मासळी काउंटरवर साफ करून फुकट देतात, फक्त कसं हवं ते सांगायचं. "पारा ग्रल्यार" म्हटलं तर भाजण्यासाठी साफ करून अख्खा, "आश पोश्ताश" म्हटलं तर तुकड्या. काही सांगितलं नाही तर जसा आहे तसा पिशवीत. बांगड्याच्या जवळचा 'काव्हाला'. 'सार्दीन्या' म्हणजे तारल्यांची भावंडं, जून ते सप्टेंबर चरबीदार, एरवी सुकी. 'बाकाल्याव' हा खारवून वाळवलेला कॉड. दिसायला आपल्या खाऱ्यासारखा, पण थेट भाजून चालत नाही. थंड पाण्यात २४ ते ४८ तास, जाड तुकडा असेल तर जास्त, आणि पाणी तीन-चार वेळा बदलायचं. भांडं फ्रिजमध्येच ठेवायचं, ओट्यावर ठेवलं तर वास लागतो. बदललेलं पाणी चाखून बघावं, समुद्रासारखं लागलं तर अजून थांबा.

पारंब्या
गोव्याहून काय नेता येतं? घरून नारळ, आंबे, कढीपत्ता, तूप अशी यादी तयार असेलच.

शेवंती
यादीतलं निम्मं कस्टममध्ये राहील. युरोपीय संघाबाहेरून येताना मांस आणि दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत. म्हणजे तूप, पेढे, पनीर आणि गोव्याचे चोरिस बाद. ताजी फळं-भाजी-पानं रोगमुक्तीच्या दाखल्याशिवाय चालत नाहीत, त्यामुळे आंबा आणि कढीपत्ता बाद. दाखला न लागणारी फळं पाचच: नारळ, केळं, अननस, खजूर आणि डुरियन. मासळीला माणशी २० किलोपर्यंत मुभा आहे, ताजी असेल तर आतडी काढलेली हवी. म्हणजे सुकं बांगडं कायद्यानं जातं. शेजारच्या प्रवाशाचा विचार करून पॅकिंग करा.

सोलां, सुकी मिरची, मसाले, हळद निर्धास्त न्या. तिथं कोकम शोधण्यात वेळ जातो.

चवथ
घराबद्दल कोणीच बोललं नाही, आणि खरं हाल तिथं होतात. जाहिरातीत टी-० म्हणजे एकच खोली, टी-१ म्हणजे हॉल आणि एक बेडरूम, टी-२ म्हणजे दोन. पत्त्यात नाव नसतं. घरक्रमांकानंतर मजला आणि बाजू: 'इश्केर्दु' म्हणजे जिना चढून आल्यावर डावं दार, 'दिरैतु' म्हणजे उजवं. तळमजला म्हणजे 'रेश-दु-शांव', लिहिताना आर/सी. खाली घंटीच्या पाटीवरही मजला आणि बाजूच असते. कुरियर मागवताना बाजू लिहिली नाही तर पार्सल शेजाऱ्याकडे किंवा परत.

हिवाळ्यात लिस्बनचं रात्रीचं तापमान साधारण आठ-दहा अंशांच्या आसपास असतं. ऐकून वाटतं काय मोठं? पण जुन्या घरांत भिंतींना आतून आवरण नाही, खिडकीची काच एकपदरी, घरभर उष्णता पुरवणारी सोय नाही. बाहेर ऊन आणि घरात कुडकुड असे दिवस येतात. दमट तर इतकं, की आपला जुलै आठवावा. कपाटं भिंतीपासून चार बोटं पुढं ओढायची. सकाळी दहा मिनिटं समोरासमोरच्या खिडक्या उघडायच्या, पाऊस असला तरी. बंद खोलीत कपडे वाळत घालू नयेत, भिंतीवर काळी बुरशी धरते. ओल शोषणारं यंत्र हीटरपेक्षा जास्त उपयोगी. कोरडी हवा कमी विजेत गरम होते.

आता विजेचं गणित. तिथं घराला ठरावीक भार मंजूर असतो, लहान घरांना बऱ्याचदा ३.४५ केव्हीए, म्हणजे साधारण ३४५० वॅट. तेलाचा हीटर २००० वॅट, पाणी तापवायची किटली २२००. दोन्ही एकदम लावली की ४२०० होतात आणि सगळं घर अंधारात. बिघाड नसतो, फक्त मर्यादा ओलांडलेली. एक उपकरण बंद करायचं, मग दाराजवळच्या पेटीतला मुख्य खटका वर करायचा. घर घेतानाच किती भार आहे ते बिलावर बघून ठेवा.

पारंब्या
+१. प्लगचंही लिहा. आपला तीन गोल पायांचा प्लग तिथल्या सॉकेटात बसत नाही, मोबाइलचा दोन पायांचा बसतो. दाब तोच, २३० व्होल्ट, म्हणून ट्रान्सफॉर्मर लागत नाही, नुसता अडॅप्टर पुरे. पण मिक्सरसाठी अर्थिंगची पट्टी असलेला जाड अडॅप्टर घ्यावा. विमानतळावर मिळतो तो पातळ सार्वत्रिक ठोकळा मिक्सरच्या धक्क्याला सैल होतो.

रेंदेर
गरम पाणी बंद पडलं तर गॅसवाल्याला फोन करण्याआधी इश्केंतादोर उघडून बघा. भिंतीवरची ती गॅसची पेटी नळ सोडल्यावर आपोआप पेटते, आणि पुष्कळ मॉडेलांत ठिणगी बॅटरीवर पडते. जाड, दीड व्होल्टची. ती उतरली की गॅस आहे, पाणी आहे, आंघोळ नाही. नळ अगदी बारीक सोडला तरीही पेटत नाही, ठरावीक जोर लागतो.

सुशेगाद_नव्हे
इतकं सगळं वाचून वाटलं, ४५० वर्षं एकत्र राहून आपण त्यांच्याकडून फक्त लाकडी सामानाची नावं घेतली!

बिंबल
बटाटा, कोबी, पपई, काजूही घेतले, मग त्यांच्याशिवाय आपली चवथीची भाजी करून दाखव. पण तो वाद दुसरीकडे, कुळागरताईंनी आधीच सांगितलंय.

दोदोल
औषधांचं कोणी सांगेल? हिरव्या क्रॉसची दुकानं एवढं माहीत आहे.

शेवंती
सर्दी झाली तर "कोंश्तिपादु" म्हणायचं, मुलगी असेल तर "कोंश्तिपादा". इंग्रजी कानाला बद्धकोष्ठ वाटतं आणि लोक भलतंच औषध मागून बसतात. जॅममध्ये 'प्रिझर्व्हेटिव्ह' आहे का असं तोडक्या पोर्तुगीजमध्ये विचारू नका, 'प्रझर्व्हातीव्हु' म्हणजे निरोध. दुकानदार हसेल, उत्तर देणार नाही.

प्रतिजैविकं चिठ्ठीशिवाय मिळत नाहीत, गोव्यासारखं ओळखीवर काम होत नाही. नेहमीची औषधं लागत असतील तर डॉक्टरच्या चिठ्ठीसह न्या, चिठ्ठीत कंपनीचं नाही, औषधाचं मूळ नाव लिहून घ्या. तातडीला ११२. साध्या दुखण्याला आरोग्यसेवेची फोनलाइन ८०८ २४ २४ २४, तिथली परिचारिका सांगते दवाखान्यात जायचं की घरीच थांबायचं.

तिसवाडी_एक्सप्रेस
जूनपर्यंत टिकली तर १२ तारखेच्या रात्री सांत आंतोनियोच्या उत्सवात 'मांझरीकु'ची कुंडी मिळेल. आपल्या तुळशीच्या कुळातलंच झुडूप, पानं बारीक, गोल चेंडूसारखं कापलेलं. नाक लावून वास घेत नाहीत, घेतला तर ते कोमेजतं असं मानतात. तळहात वरून फिरवायचा आणि हाताचा वास घ्यायचा. तुळशीला उगाच न चुरगाळणाऱ्याला हे शिकवावं लागत नाही.

कुळागर
सगळ्यांचे आभार, छापून सामानात ठेवते. म्हणजे मूळ प्रश्नाला उत्तर मिळालं: शब्द ओळखीचे, वापर अनोळखी. 'टिकली तर' याबद्दल तिसवाडीबाबशी वेगळं भांडते.

भाषेचं: गोवा विद्यापीठात पोर्तुगीज शिकवतात आणि पणजीत कामोइश केंद्र आहे हे कळलं. दोन महिन्यांत जमेल तेवढं करेल. एक राहिलं. आमचा प्रेशर कुकर न्यायचा की नाही, यावर घरात दोन पक्ष पडले आहेत.

चवथ
ताई, आधी घरमालकाला चूल कोणती ते विचारा: "उ फुगांव ए आ गाश, द इंदुसांव, ओ व्हित्रुसिरामिका?" गॅस असेल किंवा साधी तापणारी काच असेल तर अ‍ॅल्युमिनियमचा चालेल, काचेवर तळ सपाट हवा एवढंच. इंडक्शन असेल तर नाही. कुकरच्या तळाला फ्रिजवरचं चुंबक लावून बघा. चिकटलं तर न्या.

रेंदेर
आणि झाकणाचं रबर दोन जादा. तिथल्या दुकानात त्या मापाचं मिळणार नाही.